साडेआठची नोंद

“भाभी, आज आत्याजी डब्बे पे नहीं आईं।”

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी पावणेनऊला, पलासियाच्या सिग्नलला उभी असताना मला आलेला फोन एवढाच होता. फोन राठौरभाभींचा, आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या. सिग्नल हिरवा झाल्यावर मी स्कूटर वळवली. कुमुदआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची आत्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ती तळमजल्यावर एकटी. रोज सकाळी बरोबर साडेआठला ती इमारतीमागच्या मोकळ्या जमिनीवर जाऊन तापमानाचा आणि पावसाचा आकडा घ्यायची. तिथला पर्जन्यमापक आणि खांबावरची झडपांची पांढरी लाकडी पेटी, दोन्हींना मिळून इमारतीत सगळे ‘डब्बा’ म्हणतात. राठौरभाभींच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या बाजूला. आत्या डब्यावर आली की त्या कुकर लावायच्या. घड्याळ बघायची गरजच नव्हती. त्या दिवशी कुकर हातात घेतला आणि खाली कुणीच नाही. दहा मिनिटं थांबल्या, मग खाली जाऊन दार वाजवलं, मग मला फोन केला. श्रीकांत देवासला कारखान्यात पोचला होता. दुसरी किल्ली माझ्याकडे होती. मी दार उघडलं... आत्या पलंगावर कुशीवर होती, कूलर चालू होता, आणि तिचा हात थंड पडला होता.

मला रडता येतं, पण कामं संपल्यावर. मी कागद घेतला आणि लिहिलं: डॉक्टर, श्रीकांत, पुण्याचे नातेवाईक, बर्फ, दवाखान्यात रजेचा फोन. मी पलासियाला डोळ्यांच्या एका दवाखान्यात कामकाज बघते. यादी केल्याशिवाय मला चालता येत नाही. डॉक्टर येऊन गेले, लोक जमायला लागले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की यादीत एक काम राहिलंय. पेटीतल्या किमान तापमापकात एक बारीक काळी काडी असते. रात्री तापमान सगळ्यात खाली जिथवर उतरतं, तिथे ती काडी अडकून राहते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन वाचेपर्यंत, आणि नळी तिरपी करून काडी पुन्हा जागेवर आणेपर्यंत, ती हलत नाही. म्हणजे आत्या ज्या रात्री गेली ती रात्र त्या पेटीत तशीच थांबलेली होती. मी वही आणि पेन घेऊन मागे गेले. आकडा वाचला, लिहिला, आणि आत्याच्या नियमाप्रमाणे खरी वेळ शेजारी लिहिली: नऊ चाळीस. परत येताना नात्यातल्या एक बाई दारातच म्हणाल्या, “घरात हे असं झालंय आणि तू त्या डब्यात काय बघून राहिलीस?” मी म्हटलं, “आत्याचं काम.” आणि आत गेले. त्या बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. न बोलू देत.

आधी हे सांगून टाकते, कारण गेल्या महिन्याभरात मी ते बऱ्याच जणांकडून ऐकलं. इमारतीच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचा संदेश आला त्यात आत्याला ‘प्रकृति-प्रेमी’ म्हटलं होतं, खाली दोन फुलं आणि एक चिमणी. आत्या निसर्गप्रेमी अजिबात नव्हती. पक्ष्यांची नावं तिला येत नव्हती. कोपऱ्यातला गुलमोहर तिला आवडायचा नाही, कारण त्याची फांदी वाढली की दुपारी पेटीवर सावली पडायची. दरवर्षी मार्चमध्ये ती माळ्याला बोलावून ती फांदी छाटून घ्यायची, आणि लोक हळहळले की म्हणायची, “मतलब मी चुकीचं लिहू का?” तिला आकडा आवडायचा. बरोबर आकडा. जुन्या इंदुरातल्या एका मुलींच्या शाळेत तिने आयुष्यभर भूगोल शिकवला. शाळेच्या अंगणात हे सामान होतं. अंगणात स्टेज बांधायचं ठरलं तेव्हा ते भंगारात निघालं, आणि आत्या ते हातगाडीवर घालून घरी घेऊन आली. मुलींनी शाळेत लिहिलेल्या वह्यासुद्धा आणल्या. तिच्या पणजोबांनी संस्थानच्या दफ्तरात कारकुनी केली होती. घराण्याचा विषय निघाला की बाकीचे मानकऱ्यांच्या गोष्टी सांगायचे, आत्या एवढंच म्हणायची, “आमच्याकडे लिहून ठेवायची सवय आहे, बस.”

मी लग्न होऊन सांगलीहून आले तेव्हा मला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सांगण्यात आल्या. रात्री सराफ्यातल्या ठेल्यांवर जाऊन खायचं, आणि मालव्याच्या रात्रीचं कौतुक करायचं. इंदूरकर दिवसाच्या उन्हाबद्दल काहीही ऐकून घेईल, पण रात्रीबद्दल नाही. दिवस कितीही तापला तरी रात्री गच्चीवर गार वारा सुटतो, पांघरूण घ्यावं लागतं, हा इथला अभिमान आहे. आणि आत्या नेमकी त्याच्यावर उठलेली. एका लग्नात श्रीकांतचे मामा जेवताना म्हणाले, “दिवसाचं सोड, पण मालवा की रात! जवाब नाही भिया!” आत्याने पुरी खाली ठेवली. “कोणती रात, भिया? तारीख सांगा.” मामा हसले. आत्या हसली नाही. “तारीख सांगा ना. मी घरी जाऊन बघते. तुम्ही लहानपणची रात बोलून राहिले. ती होती, माझ्याकडे लिहिलेली आहे. मी या मेमधली विचारून राहिली.” तिच्या वह्यांमध्ये दिवसाचा पारा सरासरीच्या वरखाली व्हायचा, कधी जास्त, कधी कमी. पण रात्रीचा आकडा सरासरीच्या खाली जाणं वर्षागणिक कमी होत गेलेलं. दिवस ओरडून सांगतो, रात्र चोरून वाढते, असं ती म्हणायची. तेव्हा मला ते तिचं खूळ वाटलं होतं. कुणाच्या तरी लग्नात कशाला, असंही वाटलं होतं.

पण तिचं ‘तारीख सांगा’ दोन्ही बाजूंना लागू होतं, हे मला नंतर कळलं, आणि तिथून मी तिला मानायला लागले. एका कडक उन्हाळ्यात एक तरुण बातमीदार आला. त्याला हवं होतं की इंदुरात अशी गर्मी यापूर्वी कधीच पडली नव्हती. आत्याने त्याला पन्हं दिलं, वह्या काढल्या, अर्धा तास पानं उलटली आणि सांगितलं, “माझ्या वह्यांत हा आठवडा तिसरा येतो. याच्याहून वाईट दोन होऊन गेले.” तो म्हणाला, “मॅडम, तीसरे की ख़बर कौन पढ़ेगा?” “मग नका छापू.” त्याने छापलंच नाही. झाडं वाचवणाऱ्या एका मंडळाने तिला भाषणाला बोलावलं होतं. तिथे तिने एका उत्साही वक्त्याला भर सभेत दुरुस्त केलं, आणि त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. तिच्यावर दोन्हीकडचे लोक नाराज असायचे. मी एकदा म्हटलं, “आत्या, निदान एका बाजूचे तरी आपले ठेवा.” ती म्हणाली, “पारा कोणाच्या बाजूचा आहे ते सांग, मी तिकडे जाऊन बसते.”

फाटकाजवळ तिने एक काळा फळा लावला होता. त्यावर रोज खडूने आदल्या दिवसाचा कमाल, रात्रीचा किमान, पाऊस, आणि प्रत्येकाच्या पुढे सरासरीपेक्षा किती जास्त किंवा कमी. तिने प्रत्येक तारखेची तिची स्वतःची सरासरी काढून पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहून ठेवली होती. शाळेच्या वह्या आणि तिच्या वह्या मिळून तीस वर्षांच्या वर भरत होत्या. या फळ्यावरून राठौरजी आणि ती यांचं कायम वाजायचं. राठौरजी म्हणजे राठौरभाभींचे यजमान आणि आमच्या सोसायटीचे सचिव. सियागंजात त्यांचं हार्डवेअरचं ठोक दुकान आहे. माणूस मनाने वाईट नाही, पण त्यांना सगळं गुळगुळीत लागतं. “आत्याजी, लोग फ्लैट देखने आते हैं, और गेट पे ही आप लिख देती हो प्लस तीन, प्लस चार। कौन लेगा?” आत्या खडू झटकत म्हणायची, “राठौरजी, मी फक्त लिहिते. करत नाही.” पावसाळ्यात पेपरात ‘कोटा पूरा’ असं आलं की राठौरजी पेपर घेऊन मुद्दाम खाली यायचे. “लो आत्याजी, औसत के बराबर। अब तो ख़ुश?” “कोटा म्हणे! रेशन आहे का?” तीन आठवडे थेंब नाही आणि एका दुपारी गाड्या वाहून जातील एवढा, बेरीज केली की झाली सरासरी... ती त्यांना बोअरच्या पंपापाशी नेऊन उभी करायची. “याला विचारा, कोटा पूरा झाला का?”

आता मी माझ्याबद्दल लिहिते, कारण ते वगळून आत्याबद्दल लिहिणं खोटं होईल.

काही वर्षांपूर्वी भर ऑगस्टमध्ये आत्याला डेंग्यू झाला. नऊ दिवस इस्पितळात. जाताना गाडीत बसता बसता तिने माझा हात धरला, “माधवी, साडेआठला. बस, एवढंच.” मला ते काम येत होतं. पहिले दोन दिवस मी केलंही. मग दवाखान्यात तपासणीचं काम निघालं, सकाळी इस्पितळात डबा पोचवून मी तिथूनच पलासियाला जायला लागले, आणि साडेआठ रोज वाटेत कुठेतरी निघून जायचे. त्यात पालिकेचे लोक येऊन सांगून गेले की इमारतीत कुठेही पाणी साठू देऊ नका. मी पंधरा जागांची यादी केली: कुंड्या, कूलरच्या टाक्या, टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे. प्रत्येकावर खूण केली. त्या यादीत शेवटी पर्जन्यमापक होता. घरातलं माणूस डेंग्यूने आजारी, आणि मागे बाटलीत पाणी साठलेलं... मी नरसाळं काढलं, बाटली उपडी केली, धुऊन, पुसून परत ठेवली. न मोजता. स्वच्छ बाटली बघून मला बरंसुद्धा वाटलं.

आत्या घरी यायच्या आदल्या दिवशी मी वही उघडली. सात रकाने मोकळे होते. माझ्या कुठल्याच यादीत मोकळा रकाना राहत नाही. मी कार्डं काढली आणि प्रत्येक तारखेची जी सरासरी होती, तापमानाचीही आणि पावसाचीही, ती तिथे लिहून टाकली. सुंदर अक्षरात. मला खरंच वाटलं की यात कोणाचं काय बिघडतं? सरासरीच तर आहे, काहीच्या काही थोडंच लिहिलंय.

आत्या आली, अशक्त, उशीला टेकून बसली, आणि पाणी पिण्याआधी वही मागितली. एकेका रकान्यावर बोट ठेवून वाचत गेली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “माधवी, या सात दिवसांत रोज बरोबर सरासरीइतका पाऊस पडला?”

मी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला.

“एवढं शहाणपण इंदूरने जिंदगीत केलेलं नाही गं.”

मला हसू आलं, आणि मग तिचा चेहरा बघून गेलं. मी सगळं सांगितलं, पाणी ओतून दिल्याचंही. ती चिडली ती आकडे लिहिल्याबद्दल आधी आणि पाण्याबद्दल नंतर. “पाणी ठेवलं असतंस तर सात दिवसांची बेरीज तरी हाती आली असती. ते जाऊ दे, तू डासांना भ्यायलीस, ते समजतं. पण हे काय लिहून ठेवलंस? ज्याच्याशी तुलना करायची तेच तू भरून टाकलंस. मतलब मी सरासरी सरासरीशीच ताडून बघू?” तिने लाल पेन मागितलं, सातही आकड्यांवरून पट्टीने एक एक रेघ मारली, आकडे खालून वाचता येतील अशी, आणि बाजूला लिहिलं: पाहिले नाही. मी म्हटलं, “आत्या, पान फाडून नवीन करते ना.” “नाही. चूक दिसली पाहिजे.” मग तिने जे केलं ते मला आजही टोचतं. त्या वर्षीच्या पावसाची एकूण बेरीज तिने सोडून दिली. ऑक्टोबरमध्ये फळ्यावर लिहिलं: या वर्षाचा आकडा नाही. राठौरजींनी चारचौघांत थट्टा केली, “आत्याजी का डब्बा तो फेल हो गया!” मी तिथेच उभी होते. आत्या म्हणाली, “हो, यंदा चुकलं.” कोणाकडून, ते तिने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्यानंतर ती मला कधी त्यावरून बोलली नाही. फक्त बाहेरगावी जायचं असेल तर जाणं रद्द करायची. पुण्याच्या भाच्याच्या मुलाच्या मुंजीला गेली नाही, श्रीकांतच्या मोठ्या बहिणीच्या साठीला गेली नाही. लोक म्हणाले, म्हातारी हट्टी झालीय. मला माहीत होतं की ते माझ्यामुळे आहे.

ती उन्हाने गेली, असं बरेच जण म्हणतात. नऊ चाळीसला मी वाचलेला आकडा सरासरीच्या बऱ्यापैकी वर होता, हे खरं आहे. पण डॉक्टरांनी हृदय लिहिलंय, आणि आत्या असती तर म्हणाली असती, एका माणसावरून अनुमान काढू नकोस. म्हणून मी ते लिहिणार नाही. पण ‘वय झालं होतं, सुटली’ असंही मी लिहिणार नाही. ती कशातूनही सुटायला बघत नव्हती. पलंगाशेजारी तिची जूनची कार्डं काढून, रबर लावून तयार ठेवलेली होती.

तेरावा झाला, पुण्याचे लोक गेले, आणि दोनच दिवसांत ग्रुपवर संदेश आला: मागच्या जमिनीवर येत्या रविवारपासून पेवर ब्लॉक बसवण्याचं काम सुरू होईल, सहा गाड्यांची जागा होईल, सर्वांनी सहकार्य करावं. हा ठराव बराच जुना होता. आत्या दर वेळी उभी राहायची आणि तो पडायचा. तापमानाची पेटी मातीवर, गवतावर लागते; फरशी दिवसभर तापते आणि रात्रभर ते सोडत बसते, मग आकडा शहराचा राहत नाही, आपल्या पार्किंगचा होतो, हे तिने दहा वेळा समजावलं होतं. आणि जागा बदलली की मागची सगळी वर्षं पुढच्याशी जोडता येत नाहीत. आता समजावणारी नव्हती. मी उत्तरात एक ओळ लिहिली: काम थांबवा, आधी मीटिंग घ्या. श्रीकांत म्हणाला, “अगं, आत्ताच कुठे दिवस झाले आत्याचे. इतक्यात भांडण कशाला?” मी म्हटलं, “त्यांनी दिवस मोजले का?”

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग झाली. राठौरजी खरोखर नरमाईने बोलले. “भाभीजी, आपकी भावना हम समझते हैं। आत्याजी हमारी भी आत्याजी थीं। हमने सोच रखा है, वहीं बीच में मार्बल की पाटी लगाएँगे, उनके नाम की। आने-जाने वाले सब पढ़ेंगे।” दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मला भयंकर राग आला. जिने आयुष्यभर एका जागी माती उघडी राहावी म्हणून भांडण केलं, तिच्या नावाचा दगड त्याच मातीवर बसवायचा! मी म्हटलं, “पाटी नको. पाटी लावून तुम्ही मोकळे व्हाल. मला ती माती हवी, जशी आहे तशी.” राठौरजींनी हात पसरले. “चलो, रख ली मिट्टी। पर पढ़ेगा कौन? आप तो सवा आठ को निकल जाती हो।”

हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर देण्याआधी मला दुसरं काहीतरी देणं भाग होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं की त्या वर्षी डब्बा नापास झाला नव्हता, मी झाले होते. बाटली मी ओतली, खोटे आकडे मी लिहिले, आणि आत्याने माझं नाव घेतलं नाही. राठौरजी खाली बघायला लागले. मी म्हटलं, “दवाखान्यात मी वेळ अर्धा तास पुढे मागून घेतली आहे, आठवड्यातून दोन दिवस. सोमवार आणि शनिवार माझे. श्रीकांतचा रविवार. बाकीचे चार मला इथून हवेत.” आणि मी कागद पुढे केला. कागद माझ्या हातातच राहिला. एकाला गुडघे, एकाला मुलांची शाळा, एकाला हे असलं काही कळतच नाही...

“मंगलवार मेरा लिख लो,” राठौरभाभी म्हणाल्या. त्या पदर डोक्यावर घेऊन मागे उभ्या होत्या. राठौरजी वळून बघायला लागले. “तुम्हें आता है?”

“रोज तो देखा है खिड़की से। पहले पेटी खोलती थीं, दूर से, साँस न लगे। फिर घुटना मोड़ के आँख एकदम बराबर में लाती थीं, ऊपर से नहीं देखती थीं। फिर काड़ी ठीक करती थीं। फिर बरसात वाला गिलास। पहले लिखती थीं, फिर पानी फेंकती थीं।” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बराबर?”

मी मान हलवली. आत्याने त्यांना कधी शिकवलं नव्हतं, आणि वर खिडकीत कुकर हातात धरून एक बाई सगळं शिकून बसली होती. त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या वर्माजींनी गुरुवार घेतला, आणि चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या, नुकत्याच नागपूरहून आलेल्या मानसी आणि निखिल या जोडप्याने बुधवार आणि शुक्रवार वाटून घेतले. पेवरचा ठराव मात्र रद्द झाला नाही. राठौरजी म्हणाले, बारिश में वैसे भी काम नहीं होता, दिवाली के बाद वोट करा लेंगे. ठीक आहे. दिवाळीपर्यंत एक पूर्ण पावसाळा माझ्या हातात आहे.

महिना झाला. यंदा पाऊस उशिरा आला आणि आला तोही तुकड्यातुकड्यांत. आजपर्यंतची बेरीज सरासरीच्या मागे आहे, किती मागे ते फाटकाजवळच्या फळ्यावर वाचता येईल. वहीत एकही दिवस मोकळा नाही. सात वेगवेगळ्या पेनांची अक्षरं आहेत आणि मला ती बघायला आवडायला लागली आहेत, हे आत्याला पटलं नसतं. तिला एकच पेन लागायचं.

गेल्या मंगळवारी राठौरभाभी माहेरी उज्जैनला गेल्या होत्या. जाताना बदलीची व्यवस्था करून गेल्या, पण कोण ते मला सांगितलं नाही. मी त्या दिवशी घरी होते. साडेआठला गॅलरीतून खाली बघितलं तर राठौरजी, बनियन आणि पायजम्यात, वही काखेत धरून डब्यापाशी उभे. पहाटे थोडा पाऊस झाला होता. त्यांनी बाटली काढली, मापाच्या ग्लासात ओतली, ग्लास छातीशी धरून वरून बघितला आणि लिहायला लागले. मी खाली गेले.

“किती?”

“थोड़ा सा है, भाभीजी।”

“थोडंसं म्हणजे किती, राठौरजी?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ग्लासकडे. मग एका हाताने गुडघा धरून, कण्हत, ते खाली बसले, ग्लास पर्जन्यमापकाच्या ओट्यावर ठेवला आणि डोळा पाण्याच्या रेषेला लावला. बराच वेळ बघत होते. आकडा सांगितला, लिहिला, आणि मगच पाणी टाकलं. उठायला मी हात दिला. ते वही बंद करता करता म्हणाले, “ये डब्बा यहाँ से हटा, तो पीछे के सारे साल बेकार?”

“बेकार नाही. पण तिथेच थांबतील.”

ग्लास बनियनच्या टोकाने पुसून त्यांनी जागेवर उपडा ठेवला, पायाखालच्या ओल्या गवताकडे बघितलं, आणि चपला झटकत विचारलं, “कल किसकी बारी है?”

“मानसीची,” मी म्हटलं. “पण तुम्ही आलात तरी चालेल.”